बोस्टनची दलदल : एका बागेचा विसरलेला हेतू

१/ अमेरिकेतील बोस्टन शहराचा ‘बॅक बे फेन्स’ हा हिरवा पट्टा पाहणाऱ्यास एखादी निवांत बाग वाटतो. वस्तुतः त्याची आखणी झाली ती पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी. हा हेतू शहराच्या विस्मरणात गेल्यावर काय घडले, त्याची ही हकीकत.

२/ बॅक बे ही मुळात चार्ल्स नदीच्या मुखाजवळची, भरती-ओहोटीची दलदल. १८२१ मध्ये तिच्यावर बांध पडला आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीपासून भराव घालून तेथे वस्ती उभी राहू लागली. मडी रिव्हर आणि स्टोनी ब्रूक हे दोन प्रवाह मात्र सांडपाणी घेऊन उरलेल्या दलदलीतच येत. ओहोटीला घाण उघडी पडे. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाट उरत नसे.

३/ १८७८ मध्ये हे काम फ्रेडरिक लॉ ओमस्टेड यांच्याकडे आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन रचनाकारांपैकी ते एक. शहर अभियंता जोसेफ डेव्हिस यांच्यासमवेत त्यांनी जी योजना केली, तिचे मर्म साधे होते : सांडपाणी वेगळ्या वाहिनीने न्यावे, प्रवाहांचे नेहमीचे पाणी नळांतून चार्ल्स नदीत सोडावे आणि पुराचे वाढीव पाणी तेवढे या तलावात घ्यावे. भरतीच्या पाण्यावर दरवाजाचे नियंत्रण राहील, काठ सखल राहतील आणि त्यांवर खारे पाणी सोसणारी वनस्पती वाढेल. ‘फेन’ म्हणजे दलदल. नावातच हेतू सांगितलेला होता.

४/ पुढे मडी रिव्हरचे खोरेही याच दृष्टीने घडवले गेले. सुमारे १,१०० एकरांची ही उद्यानमाला आज ‘एमराल्ड नेकलेस’, म्हणजे पाचूचा हार, म्हणून ओळखली जाते.

५/ १९१० मध्ये चार्ल्स नदीवर मुखाशी धरण झाले आणि भरती थांबली. पाणी गोडे झाले, खाऱ्या पाण्यातील वनस्पती नाहीशी झाली. भुयारी रेल्वेच्या खोदकामातील माती फेन्समध्ये आली. तीवर क्रीडांगणे, गुलाबबाग आणि महायुद्धकाळात भाजीचे वाफे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास नदीचा एक भाग वाहनतळासाठी नळांत बंद झाला. पात्रात गाळ साचला आणि बोरूसारखे उंच गवत माजले.

६/ यांतील प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी सबळ कारण होते. नागरिकांना खेळायला जागा हवी होती, युद्धकाळात भाजी हवी होती, मोटारी उभ्या करायच्या होत्या. पण दर वेळी पाण्याची थोडी जागा घेतली गेली आणि तिचा एकत्रित हिशेब कोणी ठेवला नाही.

७/ तो हिशेब पावसाने मांडला. ऑक्टोबर १९६२ मध्ये मडी रिव्हरचे पाणी भुयारी रेल्वेत शिरले. ऑक्टोबर १९९६ मध्ये तेच पुन्हा घडले : केनमोर स्थानक बुडाले आणि रेल्वेचा तो मार्ग काही दिवस बंद राहिला.

८/ त्यानंतर नदीच्या पुनरुज्जीवनाची योजना आकाराला आली. २०१३ ते २०१६ या काळात लष्कराच्या अभियंता दलाने नळांतील नदीचा भाग पुन्हा उघड्यावर आणला. २०२० मध्ये गाळ व गवत काढण्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. जुन्याच पात्रासाठी शहराला दुसऱ्यांदा खर्च करावा लागला.

९/ या वेळी योजनेसोबत एक देखरेख समितीही नेमली गेली आणि तीत नागरिकांना स्थान मिळाले. देखभाल होते की नाही, यावर तिचे लक्ष असते. ओमस्टेड यांच्या आराखड्यात पाण्यासाठी जागा होती. ती जागा कशासाठी मोकळी आहे, हे पुढच्या पिढ्यांना सतत सांगणारे कोणी नव्हते. गाळ दरवर्षी साचतो, गवत दरवर्षी माजते. म्हणून अशा बागेचे उद्घाटन ही तिच्या कामाची केवळ सुरुवात असते.