परगावी आकस्मिक आजार : माजी सैनिकांसाठी उपचारांची व्यवस्था

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. यापूर्वीचा उत्सव २०१६ मध्ये झाला. पुढील उत्सव २०२८ मध्ये अपेक्षित आहे. दक्षिणयात्रेला निघालेल्या मराठी यात्रेकरूंमध्ये निवृत्त सैनिक आणि त्यांचे कुटुंबीयही असतात. अशा प्रवासात एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला, तर त्याला कोणत्या रुग्णालयात न्यावे आणि खर्च कोण देणार, हे प्रश्न नातेवाईकांपुढे तत्काळ उभे राहतात. लष्करी रुग्णालय शोधण्यात वेळ न दवडता रुग्णाला सर्वांत जवळच्या सक्षम रुग्णालयात दाखल करणे, हेच नियमांना धरून आहे.

योजनेचे स्वरूप

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून देशभर लागू झाली. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक, त्यांचे पती अथवा पत्नी आणि अवलंबून असलेले कुटुंबीय यांना तिचा लाभ मिळतो. प्रारंभी २२७ पॉलिक्लिनिक मंजूर करण्यात आली होती. २०१० मध्ये आणखी १९९ केंद्रांना मंजुरी मिळाल्याने ही संख्या ४२६ वर गेली. एरवी सदस्याने प्रथम पॉलिक्लिनिकमध्ये जावे आणि तेथील शिफारसपत्रावर पुढील रुग्णालय गाठावे, असा क्रम आहे. सदस्यत्वाचे कार्ड देशातील कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालते. त्यामुळे प्रवासात ताप, किरकोळ दुखापत किंवा औषधे संपणे अशा तातडीच्या, परंतु जीवघेण्या नसलेल्या प्रसंगी जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे.

आणीबाणी कशाला म्हणतात?

जीव किंवा अवयव धोक्यात आणणारी स्थिती म्हणजे आणीबाणी होय. हृदयविकार, पक्षाघात, तीव्र श्वसनविकार, पोटातील असह्य व आकस्मिक वेदना, गंभीर अपघात, विषबाधा, सर्पदंश आणि उष्माघात यांचा त्यात समावेश होतो. अशा वेळी शिफारसपत्राची अट नाही.

दोन मार्ग

रुग्णालय योजनेच्या पॅनेलवर असल्यास कार्ड दाखवताच रोखरहित उपचार सुरू होतात. सदस्याकडून अनामत रक्कम घेण्याची रुग्णालयाला मुभा नाही. दाखल झाल्याची सूचना ४८ तासांच्या आत योजनेच्या यंत्रणेला देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते.

रुग्णालय पॅनेलवर नसल्यास मात्र ही जबाबदारी सदस्यावर किंवा त्याच्या नातेवाइकांवर येते. त्यांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे. बिल आधी स्वतः भरावे लागते. नंतर आपल्या मूळ पॉलिक्लिनिकमार्फत परतफेडीचा दावा करता येतो. परतफेड मंजूर सरकारी दरांनुसार होते. त्यामुळे खासगी रुग्णालयाचे बिल त्याहून अधिक असल्यास फरक सदस्याला सोसावा लागतो. प्रकृती स्थिर होताच रुग्णाला पॅनेलवरील किंवा लष्करी रुग्णालयात हलवणे यासाठीच हिताचे ठरते.

दाव्यासाठी आणीबाणीचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले व पावत्या आणि कार्डाची प्रत लागते. रुग्णालय सोडण्यापूर्वीच, विशेषतः प्रमाणपत्र, हाती घ्यावे. घरी परतल्यावर शेकडो मैलांवरून ते मिळवणे कठीण जाते.

कुंभकोणममधील सोयी

शहरात शासकीय जिल्हा मुख्यालय रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सुमारे ४० किलोमीटरवरील तंजावर येथे आहे. तंजावरला हवाई दलाचा तळही आहे. तथापि आणीबाणीत रुग्णाला थेट रुग्णालयातच न्यावे. महाराष्ट्राप्रमाणेच तमिळनाडूतही रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. रस्ते अपघातातील जखमींना पहिले ४८ तास नियुक्त रुग्णालयांत मोफत उपचार देणारी योजना त्या राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली असून परराज्यातील व्यक्तींनाही ती लागू आहे. सूचना देण्यासाठीच्या ४८ तासांशी या मुदतीची गल्लत करू नये.

न्यायालयांची भूमिका

जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याआड येऊ शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले. केंद्र सरकारी आरोग्य योजनेशी संबंधित शिवकांत झा प्रकरणात २०१८ मध्ये न्यायालयाने म्हटले की, रुग्णालय यादीत नाही एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही. उपचार खरोखर घेतले गेले का, हे पाहिले पाहिजे. दावा फेटाळला गेल्यास माजी सैनिकांना या निर्णयाचा आधार घेता येतो.

प्रवासाला निघताना कार्ड जवळ ठेवावे, वाटेतील पॉलिक्लिनिकचे दूरध्वनी क्रमांक टिपून घ्यावेत आणि सोबतच्या कुटुंबीयांनाही ४८ तासांचा नियम समजावून सांगावा. आणीबाणीत रुग्ण स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.