गावठी कोंबडीचा दाखला

नांदगावसारख्या गावात गावठी कोंबडी विकली जाते तेव्हा गिऱ्हाईक आधी तुरा बघतं. तांबडा आहे ना? मग छाती चाचपायची, डोळे बघायचे. विकणारी बाई ओळखीची असली की झालं! कागद कुणी मागत नाही. मग कोंबडीला आरोग्याचा दाखला लागतो, ही कल्पना आली कुठून?

ती आली डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगातून. अमेरिकेत लहान पिल्लं पांढरं हगून पटापट मरायची. 1899 मध्ये लिओ रेटगर यांनी त्यामागचा जीवाणू शोधला. पुढे कळलं की रोगातून वाचलेली तलंग मोठी होते, धडधाकट दिसते, अंडीही घालते. पण जीवाणू तिच्या अंडाशयात राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणजे तुरा तांबडा, तरी कोंबडी रोगी. त्यात पिल्लं टपालाने लांब लांब विकली जायची, त्यामुळे एका कळपातला रोग दूरच्या कितीतरी घरी पोचायचा.

मग रक्त तपासायला सुरुवात झाली. पुढे रूढ झालेली पद्धत अगदी साधी आहे. पंखाखालच्या शिरेतलं थेंबभर रक्त घ्यायचं, त्यात रंगीत अँटिजनचा थेंब टाकून पांढऱ्या पाटीवर ढवळायचं. दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसल्या की ती कोंबडी बाद. 1935 मध्ये तिथे राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. भाग घेणं ऐच्छिक होतं, पण निरोगी कळपाचा दाखला असला की पिल्लं विकणं सोपं जायचं. आज तिथल्या अनेक राज्यांत प्रदर्शनात कोंबडी न्यायलाही असा दाखला किंवा ताजी रक्ततपासणी लागते. कारण उघड आहे: वेगवेगळ्या घरच्या कोंबड्या तिथे शेजारी शेजारी बसतात आणि मग आपापल्या घरी परततात.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि निदान झाल्यावर लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग परसातल्या कोंबड्यांत निघाला. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याने नियंत्रित क्षेत्रात प्राण्यांचे बाजार, जत्रा, प्रदर्शनं भरवायला बंदी घातली. जानेवारी 2021 मध्ये तर कोकणात दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांत हा रोग सापडला.

फरक लक्षात घ्या. तिकडे तपासणी विक्रीच्या आधी आली, विकणाऱ्याच्या फायद्याची म्हणून. इथे परसातल्या कोंबडीपर्यंत सरकारी तपासणी पोचते ती बहुधा रोग आल्यावर, आणि तिच्यामागून कोंबड्या मारायला माणसं येतात. भरपाईही मारलेल्या कोंबड्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. मग दोन कोंबड्या मेल्या तर बाईने डॉक्टरांना कळवायचं, की उरलेल्या पटकन विकून टाकायच्या? विकल्या, तर रोगही त्यांच्याबरोबर गावाबाहेर जातो.

याला आपण सहज ‘अज्ञान’ म्हणतो. मला तो हिशेब वाटतो. तपासणीने आजवर तिच्या कोंबडीची किंमत एक रुपयानेही वाढवलेली नाही. ज्या दिवशी वाढेल, त्या दिवशी ती स्वतःच दाखला मागेल.