चाळिशीनंतर दुचाकी शिकता येते का? सराव, भीती आणि लायसन्सचे नियम समजून घ्या

कॉलेजात असताना शिकायचं राहून गेलं. नंतर घरात गाडी चालवणारं कुणीतरी होतंच, म्हणून अडलं नाही. मग मुलं शिकायला बाहेरगावी जातात, आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात किंवा बदली अशा गावी होते जिथे एसटी दिवसातून दोनदाच येते. अशा वेळी चाळीस-पन्नासच्या वयात प्रश्न उभा राहतो, आता गाडी शिकता येईल का?

थोडक्यात उत्तर असं की शिकता येते. फक्त विशीत जशी शिकता येते, तशी नाही. या वयात शिकणारे बहुतेक जण अडतात ते वयामुळे कमी आणि चुकीच्या क्रमाने, चुकीच्या जागी शिकल्यामुळे जास्त.

वय वाढल्यावर शिकणं खरंच अवघड जातं का?

तोल सांभाळणं हे कौशल्य मोठ्या वयातही शिकता येतं. रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय वयाच्या ६७व्या वर्षी सायकल शिकले होते. चाळिशीनंतर प्रतिसादाचा वेग थोडा मंदावतो आणि नवीन हालचाल अंगवळणी पडायला जास्त दिवस लागतात, पण ती अंगवळणी पडते.

फरक पडतो तो सराव कसा केला यामुळे. अनेक जण रविवारी सलग तीन-चार तास मैदानावर घालवतात आणि मग आठवडाभर गाडीला हात लावत नाहीत. याऐवजी रोज अर्धा-पाऊण तास सराव केलेला चांगला. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना कीबोर्डवर टाइप करायला शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी एक अभ्यास केला होता. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना, रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. पण दिवस जास्त लागत असल्यामुळे आपल्या प्रशिक्षणाबद्दल सगळ्यांत कमी समाधानी हाच गट होता.

गाडी शिकतानाही असंच होतं. रोज थोडं थोडं शिकणाऱ्याला आपली काहीच प्रगती होत नाही असं वाटत राहतं. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात "आपल्याच्यानं होणार नाही" असं वाटलं, तर तो शेवटचा निष्कर्ष समजू नये.

गाडी उभी कशी राहते?

नवशिक्या माणसाला वाटतं, जितकं हळू चालवू तितकं सुरक्षित. दुचाकीच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे.

गाडी डावीकडे कलली की पुढचं चाक किंचित डावीकडे वळतं, गाडी पुन्हा तोलावर येते. असं सतत, डोळ्याला दिसणारही नाही इतक्या बारीक प्रमाणात चालू असतं. गाडीला थोडा वेग असेल तर हे जवळपास आपोआप होतं. वेग अगदी कमी असेल तर मात्र चालवणाऱ्याला हँडल हलवून तोल सांभाळावा लागतो. म्हणून ताशी पाच किलोमीटर वेगाने सरळ जाणं हे ताशी वीसने जाण्यापेक्षा कठीण असतं.

भीतीमुळे शिकणारा वेग कमी करतो, वेग कमी झाला की गाडी डगमगते आणि डगमगली की भीती वाढते. हे चक्र तोडायचं असेल तर मोकळ्या मैदानात ताशी पंधरा-वीसचा वेग आधी सवयीचा करावा आणि मग हळू चालवण्याचा सराव करावा.

गियरची गाडी की बिनागियरची?

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये 'लुना' आणली, १९८४ मध्ये 'कायनेटिक होंडा' आली. बिनागियर आणि बटणावर सुरू होणाऱ्या या स्कूटरमुळे तोवर गाडीपासून लांब राहिलेल्या असंख्य लोकांना, विशेषतः महिलांना, दुचाकी जवळची वाटू लागली. आजही उशिरा शिकणाऱ्यासाठी बिनागियर गाडी हा सोपा रस्ता आहे, कारण तिथे लक्ष फक्त तोल, रेस आणि ब्रेकवर ठेवावं लागतं.

थेट मोटारसायकल शिकायची असेल तर वजन आणि उंची आधी पाहावी. १००-११० सीसीच्या साध्या मोटारसायकलचं वजन साधारण ११० किलोच्या आसपास असतं. ३५० सीसीच्या बुलेट प्रकारच्या गाड्या १९० किलोच्या पुढे जातात. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे किमान चवडे जमिनीवर नीट टेकले पाहिजेत. हौस बुलेटची असली तरी शिकायला हलकी गाडी घ्यावी.

कोणत्या क्रमाने शिकावं?

१. इंजिन बंद ठेवून: गाडी ढकलणं, वळवणं, साइड स्टँड आणि डबल स्टँड लावणं. डबल स्टँड लावताना हातांनी गाडी उचलायची नसते. स्टँडच्या पट्टीवर पाय ठेवून अंगाचं वजन त्यावर टाकायचं असतं. गाडीच्या वजनाची भीती इथेच बरीच कमी होते.

२. ब्रेक आधी: बहुतेक जण आधी रेस द्यायला शिकतात. त्याऐवजी थांबायला आधी शिकावं. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा उजव्या पायाला असतो. बिनागियर स्कूटरवर मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. ब्रेक लावल्यावर भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो. 'पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील' हा सल्ला अपुरा आहे. दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावायचे असतात. वळणावर किंवा वाळूवर पुढचा ब्रेक एकदम दाबला तर मात्र गाडी घसरू शकते.

३. हाफ क्लच: पहिला गियर टाकून क्लच हळूहळू सोडताना एका जागी गाडी पुढे ओढ घेते. ती जागा ओळखता आली की गाडी झटका देऊन बंद पडणं थांबतं. रेस न देता, फक्त क्लचवर गाडी दोन-चार फूट पुढे नेण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा करावा. बऱ्याच गाड्यांमध्ये पहिला गियर खाली दाबून आणि पुढचे वर उचलून पडतात. काही गाड्यांमध्ये सगळे गियर एकाच दिशेने पडतात. आपल्या गाडीची पद्धत आधी पाहून घ्यावी.

४. सरळ, मग वळण, मग 'आठ': वळताना नजर चाकाकडे नाही, जिथे जायचं तिथे ठेवावी. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते.

५. रस्ता: आधी सकाळची सामसूम गल्ली, मग चढ, मग सिग्नल आणि शेवटी गर्दी. रात्र आणि पाऊस सगळ्यांत शेवटी.

सगळ्यांत धोक्याची चूक कोणती?

घाबरलं की माणूस हाताची मूठ आवळतो. दुचाकीवर उजव्या मुठीतच रेस असते. मूठ आवळताना मनगट मागे वळलं की गाडी एकदम पुढे उसळते, त्याने माणूस आणखी घाबरतो आणि मूठ आणखी पिळली जाते. बिनागियर स्कूटरवर हे जास्त घडतं, कारण दाबून गाडीची ओढ तोडायला तिथे क्लच नसतो.

यावर दोन उपाय आहेत. बसताना उजवं मनगट मुठीच्या पातळीपेक्षा थोडं खाली राहील असं धरावं आणि दोन बोटं ब्रेकवर ठेवायची सवय लावावी. आणि गाडी पार्किंगमधून ढकलत बाहेर काढताना इंजिन नेहमी बंद ठेवावं.

कुणाकडून शिकावं?

नवरा, मुलगा किंवा भाऊ शिकवणार असेल तर सोय होते, पण ओरडाही लगेच मिळतो. शिवाय ज्याला वीस वर्षांची सवय आहे त्याला आपण क्लच नेमका कसा सोडतो हे शब्दांत सांगता येत नाही. मोठ्या वयाच्या माणसाला तर 'असं का करायचं' हे कळलं की हालचाल लवकर जमते.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती. १९८१ च्या त्या अहवालानुसार अपघातात सापडलेले ९२ टक्के चालक स्वतःहून किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. म्हणून निदान सुरुवातीचे आठ-दहा दिवस प्रशिक्षकाकडे शिकावं. अनेक शहरांत महिलांसाठी महिला प्रशिक्षकही असतात. घरच्यांची मदत नंतर, सरावासाठी घ्यावी.

लायसन्सचे नियम काय आहेत?

• आधी लर्निंग लायसन्स घ्यावं लागतं. त्यासाठी 'सारथी' पोर्टलवर अर्ज करता येतो. आधारची पडताळणी करून घरबसल्या परीक्षा देण्याची सोय महाराष्ट्रात २०२१ पासून आहे.

• वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावं लागतं.

• लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते.

• या काळात गाडीवर पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. मागे बसवायचं तर लायसन्स असलेल्या, शिकवणाऱ्या व्यक्तीलाच. मुलाला मागे बसवून सराव करणं नियमात बसत नाही.

• बिनागियर आणि गियरच्या दुचाकीसाठी लायसन्सचे प्रकार वेगळे आहेत. फक्त बिनागियरचं लायसन्स असेल तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही.

• ३० ते ५० या वयात काढलेलं लायसन्स १० वर्षं चालतं. ५० ते ५५ मध्ये काढलेलं वयाच्या ६० पर्यंत आणि त्यानंतरचं पाच वर्षं.

• लायसन्स नसताना गाडी चालवल्यास पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

डॉक्टरांना काय विचारावं?

चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो. तो वाचनाचा चष्मा लावून गाडी चालवू नये, लांबचं अंधूक दिसतं. बायफोकल वापरणाऱ्यांना खाली पाहताना जमीन, गतिरोधक धूसर दिसू शकतात. रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर सावरायला या वयात जास्त वेळ लागतो. त्यामुळे आधी डोळे तपासून घ्यावेत.

चक्कर येणं, खांदा आखडणं, मधुमेहामुळे पायांना बधिरता येणं किंवा साखर अचानक कमी होणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या घेतलेल्या दिवशी सराव नको. पाळी गेल्यानंतर महिलांची हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे साधं पडणंही मनगटावर बेतू शकतं.

हेल्मेट आणि कपडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरच्यांचं प्रमाण ४४.५ टक्के होतं. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

म्हणून मैदानात शिकतानाही आयएसआय खूण असलेलं हेल्मेट हवं आणि त्याचा पट्टा लावलेला हवा. हातमोजे, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ओढणी आणि साडीचा पदर घट्ट खोचून ठेवावा. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

रस्त्यावर कधी उतरावं?

लायसन्स मिळालं म्हणजे गर्दीत जायची तयारी झाली असं नाही. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकला हात जाईपर्यंतच एवढं अंतर कापलं जातं. त्यामुळे पुढच्या वाहनापासून अंतर ठेवणं या वयात जास्त महत्त्वाचं.

पुढच्या गोष्टी सलग आठवडाभर न चुकता जमल्या, तर मोठ्या रस्त्यावर जायला हरकत नाही.

• ठरवलेल्या रेषेवर दोन्ही ब्रेक लावून, पाय न घासता थांबणं

• चढावर गाडी मागे न घसरता पुढे काढणं

• एका हाताने इंडिकेटर देताना गाडी सरळ ठेवणं

• आरशात आणि खांद्यावरून मागे पाहून मग वळणं

• कुणी मागून हॉर्न वाजवला तरी दचकून वेग न वाढवणं

यातली शेवटची गोष्ट यायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. ती येईपर्यंत डाव्या बाजूने, आपल्या वेगाने जावं आणि घाई असलेल्यांना पुढे जाऊ द्यावं. मागे कुणाला बसवायचं असेल तर एकट्याने निदान दोन-तीन महिने चालवून झाल्यावरच बसवावं, कारण मागच्या माणसाच्या वजनाने गाडीचा तोल आणि थांबण्याचं अंतर दोन्ही बदलतात.