कुलाबा आणि विजयदुर्ग: एका घराचे दोन मार्ग

कान्होजी आंग्रे १७२९ सालीं निवर्तला. त्याच्यामागें थोरला मुलगा सेखोजी मराठी आरमाराचा सरखेल झाला. पण १७३३ सालीं, जंजिऱ्याच्या सिद्दीशीं युद्ध ऐन भरांत असतां, तोहि मृत्यु पावला. मग सरखेलपद संभाजीकडे आलें व तो दक्षिणेस विजयदुर्गीं राहूं लागला. अलीबागेसमोरील कुलाबा किल्ल्यावर त्याचा सावत्र भाऊ मानाजी याचा अंमल बसला. शत्रु दाराशीं असतांनाच या दोघां भावांचें फाटलें.

दोघांचीहि बाजू समजून घेण्यासारखी आहे. सरखेल एक, तर आरमारहि एकच असलें पाहिजे, हा संभाजीचा आग्रह. आणि तो रास्त होता, कारण विभागलेल्या आरमाराचा धाक उरत नाहीं. मानाजीची अडचण निराळी होती. उत्तरेस मुंबईकर इंग्रज, दक्षिणेस सिद्दी, घाटावर पेशव्याची फौज. शिवाय ओहोटीच्या वेळीं कुलाबा किनाऱ्यावरून पायीं गांठतां येतो. अशा जागीं कोणाच्या तरी आश्रयावांचून निभाव लागणें कठीण. त्यानें आधीं पोर्तुगीजांचें साह्य घेतलें, मग बाजीराव पेशव्याचें.

१७३५ सालीं बाजीरावानें वाटणी करून दिली. संभाजीस सरखेलपद, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग. मानाजीस कुलाबा व ‘वजारतमाब’ हा किताब. या साह्याबद्दल मानाजीनें राजमाची व कोथळा हे किल्ले पेशव्यास दिले.

१७३९ च्या वसईच्या वेढ्यांत मानाजीचें आरमार चिमाजीअप्पाच्या मदतीस होतें. पुढच्याच वर्षीं संभाजी कुलाब्यावर चालून आला. मानाजीनें पेशव्याची व इंग्रजांची मदत मागितली, आणि संभाजीस माघार घ्यावी लागली. बाजीरावाचा पुत्र नानासाहेब या मोहिमेंत असतांच त्यास पित्याच्या निधनाची वार्ता कळली.

संभाजीनंतर विजयदुर्ग त्याचा भाऊ तुळाजी याच्याकडे गेला. १७५६ सालीं वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजीचें आरमार जाळलें. त्या वेळीं पेशव्याची फौज इंग्रजांच्या बाजूस होती. कुलाब्याचें संस्थान मात्र इंग्रजांनीं १८४० सालीं खालसा करीपर्यंत टिकलें.

मानाजीच्या मार्गानें घर वांचलें, संभाजीच्या मार्गानें कांहीं काळ स्वातंत्र्य राहिलें. कान्होजीचें एकसंध आरमार मात्र कोणासच राखतां आलें नाहीं. भावांच्या भांडणांत तिऱ्हाईत प्रत्येक वेळीं कांहीं ना कांहीं घेऊन गेला: प्रथम दोन किल्ले, आणि अखेर समुद्रावरची सत्ता.