शाळेत मुलाला त्रास होतोय? दाखला काढण्याआधी हे वाचा

सकाळी शाळेची वेळ झाली की पोरगं पोट दुखतं म्हणतं. रविवारी मात्र दुखत नाही. मुलगी डबा तसाच भरलेला परत आणते. वही फाटलेली असते, विचारलं तर "पडली" एवढंच उत्तर मिळतं. घरातल्यांना वाटतं अभ्यासाचा कंटाळा आलाय. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. शाळेत कुणीतरी रोज त्रास देत असतं आणि मुलाला ते घरी सांगायची हिंमत होत नाही.

शहरात शाळा बदलता येते. नसरापूर–वेल्हे रस्त्यावरच्या विंझरसारख्या गावात ते इतकं सोपं नाही. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण वाड्या-वस्त्यांवरून चालत किंवा एसटीने शाळेला येणाऱ्या मुलांपुढे दुसऱ्या शाळेचा पर्याय क्वचितच असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत मुलाणी, तांबोळी, शेख, आतार अशी आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी. वर्गात आपलं मूल एकटंच असू शकतं. अशा ठिकाणी "शाळा बदलू" याचा अर्थ पुष्कळदा "शाळा सोडू" असा होतो. मुलीच्या बाबतीत तर आठवीनंतर शिक्षण तिथेच थांबतं. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: मुलाला शाळेतून काढण्याऐवजी शाळेतला त्रास काढायला लावा. त्यासाठी कायदा आहे, यंत्रणा आहे आणि तक्रारीची एक रीतही आहे.

चेष्टा कुठे संपते, छळ कुठे सुरू होतो?

मुलं भांडतात, संध्याकाळी पुन्हा एकत्र खेळतात. त्याला कुणी छळ म्हणत नाही. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी दिलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही ताकद अंगाची असेल, वयाची असेल किंवा संख्येची. एका बाजूला पूर्ण टोळकं आणि दुसऱ्या बाजूला एकटं मूल, हाही ताकदीचाच फरक.

मारहाण दिसते, बाकीचे प्रकार दिसत नाहीत. टोपणनाव पाडणं, खेळात न घेणं, बाकावर शेजारी न बसणं, डबा उघडला की "आज काय आणलंस" म्हणून नाक मुरडणं, हिजाब ओढणं, क्रिकेटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी "पाकिस्तानी" म्हणणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून हसणं. सांगायला गेलं तर प्रत्येक गोष्ट छोटी वाटते. रोज झाली की ती मुलाला आतून पोखरते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याला आदल्या महिनाभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झाला होता. म्हणजे तुमचं मूल कमकुवत आहे म्हणून हे घडतंय, असं समजू नका.

मुझफ्फरनगरच्या प्रकरणातून काय शिकायचं?

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातील खुब्बापूर गावातला व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. शिक्षिका वर्गातल्या मुलांना एकेक करून सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला थप्पड मारायला सांगत होती. मुंबईचे तुषार गांधी या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारला खडसावलं. एखाद्या विद्यार्थ्याला केवळ तो अमुक समाजाचा आहे म्हणून शिक्षा होत असेल, तर त्याला दर्जेदार शिक्षण म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. शिक्षण हक्क कायद्याचं पालन झालेलं दिसत नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं.

या प्रकरणातली एक बाब फारशी चर्चेत आली नाही. समुपदेशन फक्त मार खाणाऱ्या मुलाचं होऊन भागणार नाही, ज्या मुलांना मारायला लावलं त्यांचंही व्हायला हवं, ही न्यायालयाची भूमिका होती. ते कसं करायचं हे ठरवण्याचं काम नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपवलं गेलं. मारणाऱ्या मुलाच्या मनावरही घाव होतो, हे यातून मान्य झालं. गावातल्या शाळेतही हाच विचार हवा. उद्या तीच मुलं एकाच रस्त्याने घरी जाणार आहेत.

घरात पहिल्यांदा काय करावं?

मुलाने तोंड उघडलं की मध्ये न बोलता ऐका. "तू पण दोन ठेवून द्यायच्या" किंवा "जाऊ दे, सबर कर" ही दोन्ही उत्तरं मुलाला एकटं पाडतात. सबर म्हणजे मुलाने मुकाट मार खात राहणं नव्हे. त्याला एवढंच सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू."

त्याच दिवशी एका वहीत नोंद करा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण पाहत होतं. मोबाईलवरचा मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मार लागला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून कागद घ्या. त्रास बहुतेक वेळा जिथे मोठं माणूस नसतं तिथे होतो: मधली सुट्टी, स्वच्छतागृह, एसटीचा थांबा, घरी जायची वाट. जागा कळली की उपायही नेमका मागता येतो.

त्रास देणाऱ्या मुलाच्या दारात भांडायला जाऊ नका. दोन पोरांचा विषय दोन घरांचा होतो, मग दोन समाजांचा, आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते.

तक्रार कुठे, कशी?

आधी वर्गशिक्षकांना भेटा. आठवड्यात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते, कागदाला उत्तर द्यावं लागतं. अर्ज साधाच असावा:

"माझा मुलगा आपल्या शाळेत सातवीत शिकतो. दिनांक अमुकपासून मधल्या सुट्टीत त्याला धर्मावरून चिडवणे व ढकलणे हे प्रकार पुन्हा पुन्हा घडत आहेत. तारखा सोबत जोडल्या आहेत. कृपया चौकशी करावी, मधल्या सुट्टीत शिक्षकांची देखरेख ठेवावी आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी."

पुढची पायरी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. आपल्या समाजातल्या अम्मी-अब्बांनी या समितीत बसायला हवं. वेळ आल्यावर ओळख शोधण्यापेक्षा आधीच तिथे असलेलं बरं.

तिथेही दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

त्रास शिक्षकांकडूनच होत असेल तर कलम १७ लक्षात ठेवा. मुलाला मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना त्यात मनाई आहे आणि असं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा फक्त कॉलेजसाठी आहे, असा समज आहे. त्याच्या व्याख्येत शिक्षण देणाऱ्या इतर संस्था आणि वसतिगृहंही येतात. चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं हेही त्यात मोडतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तरीही लहान मुलांच्या बाबतीत पोलीस हा शेवटचा मार्ग असावा.

याला एक अपवाद आहे. लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर शाळेत मिटवामिटवी करू नका. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखालाही शिक्षा आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि सीसीटीव्हीबाबत शाळांना पुन्हा बजावलं. तुमच्या शाळेत तक्रारपेटी आहे का, ती उघडली जाते का, हे पालकसभेत विचारा.

अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन मोफत आहे. मूल गप्प गप्प झालं, झोप उडाली किंवा जगण्याबद्दल नकोसं बोलू लागलं तर टेलिमानसच्या १४४१६ वर ताबडतोब बोला.

शाळेकडून काय मागायचं?

१९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे शाळेतला छळ असावा, असं पुढे आलं. १९८३ मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली. त्यातून ओल्वेयस यांनी दाखवलं की केवळ दोषी मुलाला शिक्षा करून प्रश्न सुटत नाही. संपूर्ण शाळेचे नियम, सुट्टीतली देखरेख, वर्गातली चर्चा आणि पालकांचा सहभाग एकत्र आले की छळ कमी होतो. याला मोठा खर्च लागत नाही. विंझरच्या शाळेलाही मधल्या सुट्टीत एक शिक्षक मैदानावर उभा करता येईल, बाकांच्या जागा बदलता येतील, मोठ्या वर्गातली दोन समजूतदार मुलं एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत देता येतील. पाहणारी मुलं हसायची थांबली की चिडवणाऱ्याचा अर्धा जोर जातो. गावात अशी साथ देणारा पहिला दोस्त बहुधा दुसऱ्या समाजातलाच असतो. त्याला घरी ईदला बोलवा, त्याच्या आईवडिलांशी बोला.

आणि आपलंच मूल त्रास देत असेल तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपली मुलंही जाडेपणावरून, रंगावरून, जातीवरून, तोतरेपणावरून इतरांना चिडवतात. कुरआनच्या सूरह हुजुरातमधल्या अकराव्या आयतीत दुसऱ्याची खिल्ली उडवायला आणि वाईट टोपणनावं ठेवायला साफ मनाई आहे. हजरत अबू जर यांनी एकाला त्याच्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा हा जाहिलियतचा अंश आहे असं प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावल्याचं हदीसमध्ये येतं. शाळेतून तक्रार आली तर मुलाला बदडू नका, त्याची बाजूही ओढू नका. नेमकं काय झालं ते विचारा, माफी मागायला सोबत जा आणि महिनाभर शिक्षकांकडे चौकशी करत राहा.

मदरशातल्या उस्तादांनी आणि जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनीही या आयतीवर मुलांशी बोलावं. आपल्या मुलाला इज्जत मिळावी असं आपल्याला वाटतं. तेवढीच इज्जत शेजारच्या बाकावरच्या मुलाला द्यायला आपलं मूल शिकलं, तर मुख्याध्यापकांसमोर तक्रारीचा कागद ठेवताना आपलाही आवाज ठाम राहील.