लाल काचेतलं सोनं

हल्ली घरांच्या, कचेऱ्यांच्या भिंतींवर एक वेगळंच छायाचित्र दिसतं. रंगीत काचेच्या अगदी जवळ कॅमेरा नेऊन टिपलेलं. त्यात फुलदाणी नसते, पेला नसतो. नुसत्या रंगाच्या लाटा आणि त्यांत अडकलेला एखादा बुडबुडा. पाहणारा विचारतो, ‘हा रंग येतो तरी कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर मिळायला माणसाला साधारण दीड हजार वर्षं लागली.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे, ‘लायकरगसचा पेला’. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की लाल. त्या काचेत सोन्याचांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. तो घडवणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही.

पुढे सतराव्या शतकात जर्मनीतल्या योहान कुंकेलनं सोनं वापरून माणकासारखी लाल काच केली. तेजाबांच्या मिश्रणात सोनं विरघळवायचं आणि काचेच्या मिश्रणात घालायचं. गंमत अशी, की पहिल्यांदा भट्टीतून निघालेली काच जवळजवळ बिनरंगी असते. पुन्हा तापवली की हळूहळू लाली चढते. आच कमी पडली तर रंग येत नाही, जास्त झाली तर काच मातकट होते. १६८५ साली ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्यानं कुंकेलला पॉट्सडॅमजवळचं एक बेटच दिलं. कृती तिथं गुपित राहिली, पण थोड्याच वर्षांत कारखाना आगीत गेला. कृती हाती होती. काचेच्या पोटात काय घडतं, हे मात्र कुंकेललाही दिसलं नव्हतं.

१८५७ साली मायकेल फॅरडेनं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांगितलं, की हा लाल रंग सोन्याच्याच बारीक कणांचा आहे. पण ते कण सूक्ष्मदर्शकातूनही दिसेनात.

ते दाखवले रिचर्ड झिगमोंडी यांनी. बंद खोलीत कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. झिगमोंडी आणि त्यांचे सहकारी हेन्री झीडेनटोफ यांनी तेच केलं. उजेड बाजूनं सोडला आणि काचेत वरून पाहिलं. काळोखात सोन्याचे कण ठिपक्यांसारखे लुकलुकले. १९०३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. झिगमोंडी यांना रसायनशास्त्राचं १९२५ सालचं नोबेल मिळालं.

आजचा छायाचित्रकारही काचेवर अनेकदा बाजूनंच उजेड टाकतो. त्याच्या कॅमेऱ्याला हे कण दिसत नाहीत, त्यांनी केलेला रंग तेवढा दिसतो. पाहणाऱ्याला नोबेल मिळालं, ते योग्यच झालं. पण भट्टीसमोर उभं राहून, नुसत्या नजरेनं आच ओळखून रंग आणणारे हात त्याच्या कितीतरी आधीचे. भिंतीवरचं असं चित्र पाहताना त्या बिननावाच्या हातांचीही आठवण ठेवायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)