यवत परिसरातील वस्त्या

यवत परिसरातील वस्त्या : पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात यवतच्या शिवारात आणि शेजारच्या गावांच्या रानात विखुरलेली शेतकऱ्यांची घरे. यवत हे गाव पुणे–सोलापूर महामार्गावर, पुण्याच्या पूर्वेस सुमारे 45 किमी अंतरावर असून पुणे–दौंड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमा या नद्या, भीमेपलीकडे शिरूर तालुका. दक्षिणेला पुरंदरच्या हद्दीतील डोंगर आणि त्यावर यादवकालीन भुलेश्वर मंदिर.

रचना : बाजार, शाळा, ग्रामपंचायत आणि काळभैरवनाथाचे मंदिर हे सारे गावात, निम्मा संसार मात्र रानात. वस्ती म्हणजे बहुधा एकाच भावकीची पाच-दहा घरे. तिला आडनावावरून ‘अमक्यांची वस्ती’ किंवा ‘तमक्यांचा मळा’ म्हणतात. घराला लागून गोठा, कडब्याची गंज, विहीर आणि शेवग्याचे एखादे झाड. दोन वस्त्यांमध्ये उसाचे फड आणि बांधावरची पायवाट. पावसाळ्यात ही वाट चिखलात बुडाली की शाळा, दूध आणि दवाखाना तिन्हींचीही अडचण होते. म्हणून पक्का रस्ता ही वस्तीची सर्वांत जुनी मागणी आहे.

पाणी : हा भाग पर्जन्यछायेत मोडतो. वस्त्या रानात गेल्या त्या पाण्यामागे. 1879 मध्ये खडकवासला धरण पूर्ण झाले आणि मुठा उजव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले. पुढे नवा कालवा इंदापूरपर्यंत गेला. जुन्या कालव्याला लोक ‘बेबी कालवा’ म्हणतात. कालव्याचे आवर्तन सुटले की चारीवर पाळीने दारे धरावी, म्हणजे पिकाला पाणी वळवावे लागते. पाळी रात्री दोनची असली तरी माणूस बांधावर हवाच. पंपाची वीजही पुष्कळदा रात्रीचीच. शेतात घर असण्याची गरज इथेच कळते. वाढत्या पुण्याची तहान आणि शेतीचे आवर्तन एकाच खडकवासला धरणसाखळीवर अवलंबून असल्याने टंचाईच्या वर्षी या वस्त्यांना झळ लवकर लागते.

शेती : कालव्याखाली ऊस, कांदा, गहू आणि भाजीपाला, दक्षिणेच्या माळरानाकडे बाजरी, ज्वारी, मटकी. त्याच बाजूच्या खोर गावचे अंजीर प्रसिद्ध आहे. दुभत्या गाई हा घरखर्चाचा रोजचा आधार. उसाचा एक वाटा साखर कारखान्यांना, दुसरा गुऱ्हाळांना जातो. गुऱ्हाळावर चरकातून निघालेला रस काहिलीत उकळतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढतात आणि वाळलेली चिपाडे चुलवाणात सरकवली जातात. पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या त्याच्या फुगण्यावरून आणि तारेवरून ठरवतो. क्षणभर उशीर झाला तर रंग काळवंडतो. त्याच्या नजरेवर साऱ्या काहिलीचा भाव ठरतो. उसाच्या दाटीत अलीकडे बिबट्याचाही वावर आढळतो. त्यामुळे रात्री दारे धरायला एकट्याने जाणे लोक टाळतात.

समाज : घरे दूर असली तरी कामे एकमेकांवाचून होत नाहीत. सावड, म्हणजे आज तुमच्या रानात, उद्या आमच्या, ही रीत मजुरीच्या काळातही पुरती संपलेली नाही. विहिरीच्या पाळ्या आणि बांधाचे तंटे भावकीत होतात, तसेच लग्नकार्य आणि दुखणीखुपणीही भावकीच निभावते. महामार्गामुळे पुणे जवळ आले, मुले नोकरीला जाऊ लागली, जमिनींचे तुकडे पडले आणि रस्त्याकडेची रानेही विकली गेली. राहिलेल्या वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि जनावरे अधिक दिसतात.

पालखी : संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामी येते. लोणी–यवत ही मोठी मजल चालून आलेल्या वारकऱ्यांना यवतकर पिठलं-भाकरी वाढतात. पिठले काळभैरवनाथाच्या मंदिराजवळ मोठमोठ्या कढयांत शिजते; भाकरी मात्र घरोघरी आणि वस्तीवस्तीवर थापल्या जातात. त्या दिवशी प्रत्येक मळ्यात चुली लवकर पेटतात, भाकरी फडक्यात बांधल्या जातात आणि टोपल्या भरून गावात पोचतात. कोणत्या वस्तीची भाकरी कोणाच्या पानात पडली, हे कोणी विचारत नाही. एरवी पाण्याच्या पाळीने वाटलेले हे शिवार त्या रात्री एका पंगतीला वाढायला उभे असते.